पाचवं शील आणि सरकारी गोळी

माझा धाकटा भाऊ विहाराच्या ओसरीवर झोपायचा. वार्डात हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी काही म्हणत नव्हतं.

आमचं माहेरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनाच्या प्लॉटवर आईबाबांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. ते दोघे गेल्यावर भावाने त्या विकल्या आणि नागपूरला ट्रकवर गेला. तिथे त्याला ब्राऊन शुगरच्या पुडीची सवय लागली, मग सुईची. परत आला तेव्हा त्याच्याजवळ अंगावरचे कपडे आणि एक चादर होती. आधी तो आमच्याकडेच राहिला. घरातली पितळेची भांडी गेली. मग जाऊबाईंची शिलाई मशीन गेली. त्या दिवशी आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं आणि मला म्हणाले, "तुह्या भावाचं तोंड या उंबऱ्यात दिसलं नाही पायजे." त्यांचं चुकत नव्हतं. मी विहार झाडायला जाताना डब्यात भाकर घेऊन जाऊ लागले. तेही घरात कळत होतं. तेवढं कोणी अडवलं नाही.

पुढे वार्डातल्या जुन्या दवाखान्यात सरकारची एक खिडकी उघडली. सुई टोचणाऱ्यांना तिथे रोज सकाळी फुकट गोळी मिळते. हातात देत नाहीत. सिस्टर गोळी कुटून जिभेखाली ठेवते आणि विरघळेपर्यंत समोरच्या बाकावर बसवून ठेवते. तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, गिळायचं नाही. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असेल तर थुंकून, चूळ भरून यायचं. शेवटी सिस्टर जीभ वर करायला लावते, टॉर्च मारून बघते, आणि मग सोडते.

पहिल्या दिवशी मी त्याच्यासोबत गेले होते. सगळे बाहेर गेल्यावर मी सिस्टरला हळूच विचारलं, "सिस्टर, हेबी नशाच होय ना?"

"नशा चढत नाही बाई याच्यानं. अंग मोडत नाही, पाय ओढत नाही, म्हणून सुईच्या मागं धावा लागत नाही. पण एक ध्यानात ठेवजा. हे मनानं बंद करायचं नाही. डॉक्टर कमी करतीन तं हळूहळू करतीन. एकदम सोडली अन् मंग पुन्हा सुई टोचली, तं माणूस जाते. पहिलेएवढी सुई मंग अंगाले झेपत नाही."

हे मी मनात पक्कं धरलं. काही दिवसांतच तो केस विंचरू लागला. विहाराच्या अंगणातलं गवत त्याने उपटलं. नंतर राईस मिलमध्ये पोती उचलायला जाऊ लागला. एकदा मला म्हणाला, "बाई, भाजीत मीठ कमी हाये." किती दिवसांनी त्याला चव लागली होती! मी घरी येऊन रडले. कोणी विचारलं असतं तर मिठाचं काय सांगणार होते?

पण खिडकीपुढे रोज रांग लागायची. कोणी बसस्टँडवर झोपणारे, कोणी नदीच्या घाटावर. बाहेरगावचेही यायचे. शाळेची पोरं त्याच रस्त्याने जायची. कोणीतरी रांगेचा व्हिडिओ काढला आणि तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. खाली लिहिलं होतं, सरकार नशा वाटते. त्यात माझा भाऊ स्पष्ट दिसत होता. मग ठरलं की वार्डाने सह्यांचा अर्ज द्यायचा आणि खिडकी इथून उठवून भंडाऱ्याला न्यायला लावायची.

भंडाऱ्याला गेली की माझा भाऊ संपला, एवढं मला कळत होतं. रोज एसटीने जाऊन येणारा माणूस तो नव्हता. गोळी सुटली की त्याला सुईच उरणार होती.

पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. रविवारी संध्याकाळी वंदना झाली, ग्रंथवाचन झालं आणि त्याच बैठकीत विषय निघाला. पुरुष एकीकडे, आम्ही बाया एकीकडे. भाऊ दाराजवळ उभा होता. विहार समितीचे अध्यक्ष मधोमध बसले होते. ते एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झाले. सगळा वार्ड त्यांना काकाजी म्हणतो. त्यांचा एकुलता एक मुलगा दारूने गेला. त्यामुळे नशेचा विषय निघाला की त्यांच्यापुढे कोणी जास्त बोलत नाही.

चौकात पानठेला लावणारा एक जण आधी उठला. "आपल्याले रेशनवर साखर भेटत नाही अन् ह्यांले सरकारी नशा भेटते! हा कोणता न्याय होय?"

महिला मंडळाची मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "तू आंदी गालातला खर्रा थुकून ये, मंग नशेवर भाषण दे."

सगळे हसले. तोही हसला, पण बसला नाही. "मावशी, खर्रा खाऊन मी कोणाची मशीन चोरली नाही."

हसणं थांबलं. आमच्या घरच्यांनी मान खाली घातली. मी पदर ओढून घेतला. शिलाई मशीनची गोष्ट पानठेल्यापर्यंत पोचली होती तर.

"माही नात त्या रस्त्यानं शाळेत जाते," मावशी आता गंभीर होऊन म्हणाली. "परवा मले म्हणते, आजी, ते लोकं तोंड बंद करून काहून बसतात? का सांगू मी तिले?"

एक जण म्हणाला की ही माणसं रस्त्यावर पडून सुया टोचत होती तेव्हा बरं होतं का, आता निदान एका जागी तर बसतात. त्याला दोघांनी खाली बसवलं. "तुह्या घरापुढं ने मंग ते खिडकी!"

काकाजींनी हात वर केला. ते हळू बोलतात, म्हणून सगळे ऐकतात. "बाबासाहेबांनी आपल्याले या मार्गावर आणलं. रोज आपण पाचवं शील म्हणतो, मद्य अन् मादक पदार्थांपासून दूर राहीन म्हणून. अन् मादक गोळी खाणारा माणूस आपल्या विहाराच्या ओसरीवर झोपते. लोकं मले विचारतात. मी का उत्तर देऊ?" मग ते दाराकडे वळले. "मी त्याले हाकलून नाही देत. तो आपलाच पोट्टा होय. काय गा, तू सगळ्यांसमोर शील घेशीन काय? गोळीबी सोडशीन, सुईबी सोडशीन? घेतलं तं ओसरी काय, आतली खोली देतो तुले. अन् मंग आपल्याले त्या खिडकीची गरजच नाही. अर्जावर पहिली सही मी करतो."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. बायांच्या गर्दीतून त्याला ते दिसलं की नाही, माहीत नाही. मी बोलायला अर्धवट उठले आणि तशीच पुन्हा खाली बसले. बाजूच्या बाईने मला विचारलं, "पाणी देऊ काय वो?"

तो पुढे आला. हात जोडून गुडघ्यावर बसला. काकाजी म्हणत गेले आणि तो मागे म्हणत गेला. पाचवं शील म्हणताना त्याचा आवाज इतका खणखणीत निघाला की पोरंसुद्धा गप्प झाली. सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं. मावशीने डोळे पुसले. पानठेल्यावाल्याने त्याला मिठी मारली.

आणि आमचे घरचे उठून त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "चल, घरी चल जेवाले."

त्या एका वाक्यासाठी मी किती वाट पाहिली होती! त्या रात्री तो आमच्या स्वयंपाकघरात बसून जेवला. घरच्यांनी स्वतः त्याच्या ताटात वरण वाढलं. सिस्टरचे शब्द माझ्या डोक्यात चालूच होते. मी घरच्यांना म्हटलं, "एकदम सोडू नये म्हणते सिस्टर." ते म्हणाले, "सिस्टरची नोकरी होय ते. गोळी खाणारेच नाही राहिले तं तिचं काय काम? त्यानं शील घेतलं, आता तू मधात नोको बोलू."

पुढच्या सकाळी तो खिडकीवर गेला नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही.

आधी जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा दुखेल एवढ्या. मग नाक वाहू लागलं, डोळे वाहू लागले. अंगावर काटा यायचा तो जायचाच नाही. उन्हात बसून चादर पांघरायचा आणि लगेच फेकायचा. पोट बिघडलं. झोपला की पाय आपोआप झटकायचे, खाटेच्या पाटीवर टाचा आपटायच्या. विहाराच्या आतल्या खोलीत त्याची खाट टाकली होती. वंदनेला आलेले लोक दारातून बघून जायचे. मावशी मला समजावत म्हणाली, "घाण बाहेर पडून राहिली, बाई. पडू दे. शीलाचा परभाव होय." कोणी कडुलिंबाचा काढा आणला. कोणी अंगावरून ओला फडका फिरवला. सगळ्यांनी मनापासून केलं. त्याला हाकलणारी माणसं असती तर मला सोपं गेलं असतं.

मी त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, "चाल, खिडकीवर जाऊ."

"नाही बाई. इतक्या लोकांपुढं शब्द देल्ला. जिंदगीत पहिल्यांदा लोकं माह्यावर भरोसा ठेवून राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तर खाट रिकामी होती. चादर होती, चपला नव्हत्या.

आधी घाटावर पाहिलं. मग बसस्टँडवर. तिथे बाकाखाली झोपणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, "राईस मिलकडं गेला, एकासंगं." मी धावतच गेले. साडीच्या निऱ्या हातात धरल्या होत्या. बाजारातली माणसं बघत होती आणि मला ते कळत होतं. एरवी मी बाजाराच्या कडेकडेने जाते.

मिलच्या मागे कोंड्याचा मोठा ढीग आहे. त्याच्या आडोशाला तो बसला होता, डाव्या हाताला दोरी बांधलेली. शेजारी एक अनोळखी माणूस होता. त्याच्या हातात सुई भरलेली होती. मला पाहून तो माणूस म्हणाला, "जा ना वो इथून." मी जागची हलले नाही. भावाच्या हाताची दोरी सोडायला बसले. गाठ सुटेना.

"टोचली काय रे? खरं सांग. टोचली काय?"

"नाही अजून." तो रडत होता, की नाकडोळे वाहत होते, कळत नव्हतं. "बाई, तू जा. मले सहन नाही होत. लय सहन केलं."

"आजची खिडकी बंद व्हाची वेळ झाली. उठ."

"शील मोडते."

"अन् सुईनं नाही मोडत?"

"सुईचं कोणाले समजत नाही. खिडकीवर गेलो तं सारा वार्ड पाहते."

मला राग आला. माझ्या भावावर मी कधी चिडले नव्हते, चोरी केली तेव्हाही नाही. मी म्हटलं, "आपण रोज शील घेतो. मी लहानपणापासून रोज घेऊन राहिली. एकदा घेऊन पुरत असतं तं रोज कायले घेतलं असतं? मोडते म्हणूनच रोज घेतो ना? उद्या पुन्हा घेशीन. पण उद्यापर्यंत जगला पायजे तू."

त्या माणसाने सुई घेऊन पाठ फिरवली. शेवटी मी गाठ दातांनी सोडली आणि भावाचा दंड धरून त्याला उठवलं.

मिलपासून दवाखान्यापर्यंत बाजारचा रस्ता आहे, आणि चौक. पानठेल्यावर काकाजी सकाळचं वर्तमानपत्र वाचायला बसतात. दुसरा रस्ता होता, तलावाच्या पाळीवरून. पण त्याने वेळ लागला असता. मी चौकातून गेले. भाऊ वाकून चालत होता, त्याचं सगळं ओझं माझ्या खांद्यावर होतं. पानठेल्यावाला ओरडला, "अवो, कुठं नेऊन राहिल्या त्याले?"

"गोळीले," मी म्हटलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

सिस्टर खिडकीचं दार लावतच होती. आम्हाला बघून तिने पुन्हा उघडलं. पहिला प्रश्न तिने तोच केला, "काही टोचलं काय? टोचलं असलं अन् मी गोळी देल्ली तं आणखी बेकार होईन. खोटं बोलू नको." त्याने दोन्ही हात पुढे केले. तिने दंड पाहिले, डोळे पाहिले आणि आतून डॉक्टरांना बोलावलं. मधले दिवस गेले म्हणून डॉक्टरांनी आधी कमी गोळी सांगितली, आणि थांबून पाहायला सांगितलं. सिस्टरने गोळी कुटली, त्याच्या जिभेखाली ठेवली आणि त्याला बाकावर बसवलं.

तेवढ्यात काकाजी आले. मागे पानठेल्यावाला आणि आणखी दोघे-तिघे.

काकाजी भावासमोर उभे राहिले. "काय गा, चार लोकांपुढं शील घेतलं ना तू?"

भावाने वर पाहिलं. तोंड मिटलेलं, ओठ घट्ट.

"बोल ना. आता काहून गप्प? तवा तं लय जोरात बोलला."

"बोलला तं गोळी वाया जाते, काकाजी," आतून सिस्टर म्हणाली. "विरघळू द्या आंदी."

"मंग याच्या बदली कोण बोलन?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. भावाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता, तोंड हलेल म्हणून. आता मीच होते. मी बाकापुढे येऊन उभी राहिले.

"मी आणलं जी त्याले. तो येत नव्हता. तुम्ही शील देल्लं ते चांगल्यासाठीच देल्लं. पण गोळी सोड, हे आपण जोडलं शीलाले. तो कोंड्यामागं सुई घेऊन बसला होता. मी जराशी उशिरा गेली असती तं तुम्ही त्याले खांद्यावरच आणलं असतं."

पानठेल्यावाला काही म्हणणार होता, काकाजींनी त्याला थांबवलं. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग म्हणाले, "माह्या पोरालेबी डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या होत्या, बाई. दारू सुटन म्हणून. तो गोळ्याबी खाये अन् दारूबी पेये. मी म्हणो, खाऊ दे, हळूहळू सुटन. नाही सुटली. मले कोणाच्याच गोळीवर भरोसा नाही."



"हा किती दिवस खाईन?" त्यांनी विचारलं.

"मालूम नाही जी."

"जन्मभर?"

"खाईन जन्मभर. पण जगन तं."

त्यांनी भावाकडे पाहिलं. त्याचे पाय अजून मधूनमधून झटकत होते. काकाजींनी हात पुढे करून त्याचा गुडघा दाबून धरला, लहान पोराचा धरतात तसा, आणि तसेच बसून राहिले. सिस्टरने टॉर्च आणला, जीभ वर करायला लावली, आणि मान हलवली.

उठताना काकाजी म्हणाले, "ओसरीवर मी याले नाही ठेवू शकत. सगळ्यांपुढं बोललो मी. माह्या शब्दाचंबी काही आहे." आणि दारातून, आमच्याकडे न बघता, "सहीचं मी पाहीन."

विहारातून त्याची चादर मी आणली. मावशी अंगणात होती, माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा घरच्यांना सगळं आधीच कळलं होतं. ते जेवले, हात धुतले आणि मग विचारलं, "कुठं हाये तो?"

"बसस्टँडवर."

"शील मोडलं ना त्यानं?"

"हाव. मी मोडवलं."

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं चौकात गेले. पण बाहेरच्या छपरीतून सायकल काढल्याचा आवाज आला, मग लाकडं सरकवल्याचा. आत येऊन म्हणाले, "छपरीत झोपू दे. घरात नाही. घरातलं एकबी भांडं हललं तं तुम्ही दोघंबी बाहेर."

"हाव," मी म्हटलं.

अर्ज गेला. त्यावर वार्डातल्या बऱ्याच सह्या आहेत. काकाजींची सही आहे असं कोणी म्हणतं, कोणी नाही म्हणतं. मी विचारायला गेले नाही. भाऊ रोज सकाळी छपरीतून उठतो आणि मी त्याच्यासोबत जाते. तो बसतो, मी उभी राहते. शाळेची पोरं बघत जातात. मावशीची नातही बघते.

काल सिस्टर म्हणाली की वरून साहेब येणार आहेत, वार्डातल्या लोकांना विचारून खिडकीचा निकाल लावणार. बायांनाही बोलावलं आहे. घरी मी सांगितलं तेव्हा घरचे म्हणाले, "जा. पण माह्या नावानं काही बोलू नोको."

"नाही," मी म्हटलं. "भावाच्या नावानं बोलीन."

भाऊ छपरीत जेवत होता. त्याला ऐकू गेलं असावं, कारण त्याचा घास थांबला. मग त्याने आतल्या बाजूला आवाज दिला, "बाई, अन् बंद केली तं?"

मी भात वाढायला उठले. माझ्याजवळ त्याला द्यायला तेवढंच होतं.